उचल, कोयता आणि चुकलेला माज

दूधधंद्यावरचे व्याख्यान संध्याकाळी साडेसहाला ठेवले की एक अडचण ठरलेली. ज्यांनी ऐकायचे, ते त्या वेळी धारेला बसलेले असतात. तरीही विषय घ्यायला हवा. बीड जिल्ह्यात दुधाच्या दरावर चावडीपासून मोर्च्यापर्यंत सगळीकडे बोलले जाते. गाय वेळेवर का फळत नाही, यावर मात्र फारसे कोणी तोंड उघडत नाही.

हिशेब तोंडी करता येतो. गाय साधारण 280 दिवस गाभण असते. वर्षाला एक वेत हवे, तर व्याल्यापासून 85 दिवसांच्या आत ती पुन्हा गाभण राहायला हवी. गर्भाशय पूर्ववत व्हायला सहा-सात आठवडे जातात, त्यामुळे पहिले रेतन साठाव्या दिवसाच्या आसपास. माजाचे चक्र 21 दिवसांचे. म्हणजे हाती लागतात फार तर दोन माज. पहिला नजरेतून सुटला, दुसऱ्याला गाय उलटली, की वर्षाचे वेत हुकले. हा तोटा लगेच दिसत नाही, कारण तेव्हा गाय दूध देतच असते. वेताच्या शेवटी ती नुसती खात उभी राहते, तेव्हा तो अंगावर येतो. भाकड जनावराच्या चारा-खुराकाला दिवसाला दोनशे रुपये धरले, तरी चुकलेल्या एका माजाची किंमत 4,200 रुपये.

माज पाहायला गोठ्यात माणूस लागतो, आणि बीडची खरी गोष्ट इथून सुरू होते. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या बालाघाटाच्या भागातून दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयते ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, आधीच घेतलेली असते, म्हणून जाणे टळत नाही. परतणे उन्हाळ्याच्या तोंडाला. श्रावण-भाद्रपदात व्यालेल्या गायीचे साठ ते पंच्याऐंशी दिवस नेमके या निघायच्या धांदलीत येतात. मागे राहते म्हातारी, दोन नातवंडे आणि दावणीची जनावरे. ती म्हातारी चारा-पाणी करते, धार काढते, दूध डेअरीला पोचवते. पहाटे पाचला म्हैस का ओरडली, हेही तिनेच ताडायचे.

म्हशीचे तर आणखी अवघड. मराठवाडी म्हैस ही याच पट्ट्यातली नोंदलेली जात. म्हैस गाभण असते सुमारे 310 दिवस आणि माजावर येते मुख्यतः पावसाळा सरताना व थंडीत, तेही बहुधा रात्री किंवा पहाटे. गायीसारखी ती दुसरीवर उड्या मारत नाही. दूध थोडे चोरते, वरचेवर लघवी करते, कधी एकदाच ओरडते. मुका माज म्हणतात तो हा. म्हणजे जे जनावर हिवाळ्यात, अंधारात आणि गुपचूप माजते, त्याच्यावर लक्ष ठेवायला घरात जाणते माणूस नाही. रात्री नऊला आणि पहाटे पाचला गोठ्यात दहा मिनिटे नुसते उभे राहिले, तरी यातले बरेच पकडता येते.

1940 च्या दशकात अमेरिकेत नेब्रास्कामध्ये ट्रिंबर्गर यांनी गायींवर केलेल्या निरीक्षणांतून रेतनाचा एक नियम रूढ झाला: माज सकाळी दिसला तर रेतन संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. कारण स्त्रीबीज सुटते ते माज ओसरल्यावर दहा-बारा तासांनी. आपल्याकडे वेळ ठरते ती डॉक्टरांच्या मोटारसायकलवर. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये बाएफ ही संस्था उभी केली आणि रेतनाची सोय शेतकऱ्याच्या दारात नेली, ही मोठीच गोष्ट. पण दारात आलेल्या माणसाचा हात काय करतो, हे मालकाने पाहायलाच हवे. उणे 196 अंशांच्या नायट्रोजनमधून काढलेली वीर्याची कांडी 37 अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट बुडली पाहिजे. मग ती पुसून, कापून गनमध्ये. कांडी काखेत धरून किंवा तळहातावर चोळून वितळवणारा दिसला, तर पैसे देण्याआधी भांडावे. कांडीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो. तो वहीत उतरवला नाही, तर तीन वर्षांनी त्याच वळूची कांडी त्याच्याच मुलीला भरली जाते.

माजानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शेपटीला रक्ताचे थेंब दिसले, की गाय उलटली असे घरोघरी समजतात. ते खरे नाही. माज येऊन गेला, एवढेच ते रक्त सांगते. तारीख लिहावी आणि अठराव्या दिवसापासून लक्ष ठेवावे.

आहाराचे थोडक्यात. हाडे वर आलेली गाय माजावर येत नाही. तिचे शरीर आधी स्वतःला वाचवते. 2018-19 च्या दुष्काळात जिल्ह्यात, विशेषतः आष्टी तालुक्यात, चारा छावण्या उभ्या राहिल्या. त्यांनी जीव वाचवले, पण नुसत्या उसावर जगलेल्या जनावराकडून वासराची अपेक्षा धरणे चुकीचे. उसाच्या वाढ्यांतले ऑक्झालेट कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून खनिज मिश्रण ही चैन नव्हे.

रोगांत ब्रुसेला सगळ्यांत दुर्लक्षित. गाभडलेल्या गायीची वार बायका उघड्या हाताने उचलतात आणि मग महिनोन्‌महिने चढ-उताराचा ताप अंगावर काढतात. हातमोजे घालावेत, वार खोल पुरावी. लस फक्त चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-वगारींना, आयुष्यात एकदाच. 2019 पासून ती केंद्राच्या कार्यक्रमात आहे.

मग ऊसतोडीला जाणाऱ्या घराने करायचे काय? उचल घेतली त्याच आठवड्यात जनावरांची तपासणी करून घ्यावी. गाभण आहे की रिकामी, हे डॉक्टर हात घालून साठ ते नव्वद दिवसांत सांगतात. रिकामी आणि अंगाने बरी असेल, तर माज एकत्र आणण्याची इंजेक्शने देता येतात. अमेरिकेत विस्कॉन्सिनला 1995 मध्ये मांडलेल्या पद्धतीत पहिले इंजेक्शन, सातव्या दिवशी दुसरे, नवव्या दिवशी तिसरे आणि सोळा-एक तासांनी माज न पाहताच रेतन. दुसरे इंजेक्शन गाभण गायीला दिले तर ती गाभडते, म्हणून तपासणी आधी. हे दहा दिवस दसऱ्यापूर्वी धरले, तर म्हातारीच्या वाट्याला एकच तारीख उरते: रेतनानंतरचा एकविसावा दिवस. तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने खुणावून, शेजारी डॉक्टरांचा नंबर मोठ्या आकड्यांत लिहून मगच ट्रकमध्ये बसावे.