करंगळीवरची शाई आणि पेटीतलं कार्ड



आज इकडे येताना बार्शी नाक्यावर एक ट्रॅक्टर दिसला. मागे दोन ट्रॉल्या, वर ताडपत्री, कडेला लटकवलेली कोंबड्यांची डालगी, भांड्यांची पोती. गुढीपाडवा जवळ आला की आपल्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीहून परतणाऱ्या टोळ्यांचं हे दृश्य रोजचंच. मागच्या ट्रॉलीत एक बाई मांडीवर लेकरू घेऊन बसली होती. माझं आजचं व्याख्यान त्या लेकराबद्दल आहे.

लहान मुलांच्या लसी का चुकतात, असं विचारलं की शहाणी माणसं एका शब्दात उत्तर देतात: अडाणीपणा. मला हे उत्तर आळशीपणाचं वाटतं. गावात असताना याच बाया ठरलेल्या वारी अंगणवाडीसमोर लेकरं घेऊन बसलेल्या असतात. सुई टोचली की लेकरू रात्रभर रडतं, मांडीला गाठ येते, या तक्रारी आहेतच. पण त्या तक्रारी करत करतच बाया येतात.

खरी भानगड पंचांगाची आहे. जरा हिशेब मांडू. जन्माला आल्याबरोबर बीसीजी, पोलिओ आणि काविळीची लस. मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटा वगैरे. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाचा पहिला डोस, सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा. आता हे वेळापत्रक साखरेच्या हंगामावर ठेवून पाहा. दसरा-दिवाळीला टोळ्या निघतात, पाडव्याच्या आगेमागे परततात. मे महिन्यात जन्मलेल्या मुलाचे पेंटाचे तिन्ही डोस गावात होतात, पण नववा महिना भरतो फेब्रुवारीत. म्हणजे गोवराची लस ज्या दिवशी द्यायची, त्या दिवशी ते सांगलीच्या नाहीतर बेळगावच्या फडावर. सप्टेंबरात जन्मलेल्याचे दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याचे डोस उसात जातात. आणि जानेवारीत तळावरच्या पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत, जन्मलेल्याचं तर पहिल्या दिवसापासूनच चुकतं. काविळीची लस चोवीस तासांच्या आत द्यायची असते. कोपीत ते चोवीस तास कोण मोजणार? धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या डोंगरपट्ट्यात मूल कोणत्या महिन्यात जन्मलं यावर त्याच्या लसी ठरतात.

उशीर झाला म्हणून सगळं संपत नाही, हेही सांगितलं पाहिजे. गोवराची लस पाचव्या वर्षापर्यंत देता येते. पण त्यासाठी राहून गेल्याची नोंद कुठेतरी हवी. इथल्या आशाताईच्या वहीत त्या नावापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो. तिकडच्या उपकेंद्राच्या यादीत ते नाव नसतंच. दोन्ही वह्या आपापल्या जागी बरोबर, आणि मूल दोन्हींच्या मधल्या रस्त्यावर.

एकदा मी एका सिस्टरबरोबर कारखान्याजवळच्या तळावर गेलो होतो. सकाळचे अकरा वाजले होते. बाया पहाटेच फडात गेलेल्या. एका कोपीपुढे एक म्हातारी बसलेली, आणि जेमतेम सहा वर्षांची एक पोरगी कडेवर दहा महिन्यांचं पोर घेऊन उभी. सिस्टरांनी कार्ड मागितलं.

“कार्ड गावाकडं पेटीत हाय बाई. हितं पाचटात कुठं ठिवावं?”

सिस्टरांनी पोराची बाही वर केली. डाव्या दंडावर बीसीजीचा वण होता. तेवढीच नोंद त्याने अंगावर बरोबर आणली होती. पुढचं काय झालं, काय राहिलं, कोणाला ठाऊक?

“माय आल्याबिगर टोचू नका,” म्हातारी म्हणाली. “रातच्याला ताप आला तर उद्या ती कामावर कशी जाईल?”

या वाक्यात अडाणीपणा कुठे आहे, मला सांगा. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल त्या जोडीवर घेतलेली. बाई बसली की जोडी मोडते आणि खाडा लागतो. एका दिवसाच्या खाड्याचे पाचशे रुपये कापतात, असं 2019 मध्ये वर्तमानपत्रांत छापून आलं होतं. त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून राज्यभर गदारोळ झाला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. त्या प्रकरणाच्या मुळाशीही पाळीच्या दिवसांत पडणाऱ्या खाड्याची भीती होती. जी बाई पाळीचे दिवस हिशेबात धरते, ती लेकराच्या तापाची रात्र धरणारच.

सिस्टरांची अडचणही ऐका. गोवर-रुबेलाची कुपी एकदा द्रावण घालून तयार केली की चार तासांत संपवायची, उरलेली टाकून द्यायची. एका मुलासाठीसुद्धा कुपी उघडा, असं नियम सांगतो. पण वाया गेलेल्या डोसांचा हिशेब द्यावा लागणाऱ्या माणसाचा हात जरा अडखळतोच. मग “चार पोरं जमली की येते” असं म्हटलं जातं, आणि तोवर टोळी दुसऱ्या गावाच्या उसात गेलेली असते.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 12 ते 23 महिन्यांच्या मुलांपैकी 73.5 टक्क्यांचं लसीकरण पूर्ण होतं. देशाचा आकडा 76.4. स्वतःला पुढारलेलं म्हणवणारं राज्य सरासरीच्याही खाली! 2022 च्या शेवटी मुंबईत गोवंडीत, मग भिवंडी, मालेगावात गोवर उसळला तेव्हा आपण दचकलो. गोवराला मात्र अशा राहून गेलेल्या वस्त्या बरोबर सापडतात.

फिरतीवरची मुलं गाठणं जमत नाही असं म्हणू नका, कारण एकदा जमलेलं आहे. पोलिओच्या वेळी आपण एसटी स्टँडवर, रेल्वेत, वीटभट्टीवर मुलं गाठली. गावाचं नाव, कार्ड काही विचारलं नाही. तोंडात दोन थेंब आणि डाव्या करंगळीला शाई. ती शाई मुलाबरोबर फिरायची, पुढच्या नाक्यावरचा माणूस ती वाचायचा. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये हावड्यात सापडला, मार्च 2014 मध्ये पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. त्याच वर्षी डिसेंबरात राहिलेल्या लसींसाठी मिशन इंद्रधनुष आलं, त्यात ऊसतोडीचे तळ आणि वीटभट्ट्या मुद्दाम धरल्या गेल्या. पण मोहीम चार दिवस येते आणि जाते. हंगाम पाच-सहा महिन्यांचा असतो. आता लसीकरणाच्या यू-विन पोर्टलवर नोंद होते, कुठेही लस घेता येते, चांगलंच आहे. फक्त ती नोंद ज्या फोनवर आहे, तो बापाच्या खिशात फडात असतो.

आणि एक गंमत पाहा. मुकादमाच्या वहीतून कोणी सुटत नाही. कोणत्या वस्तीवरचा कोयता कोणत्या कारखान्यावर, उचल किती, फिटली किती, सगळं पाठ. कारखान्याच्या काट्यावर गाडीगाडीची पावती निघते. त्या वहीत मूल नाही, कारण मुलाच्या नावावर उचल नाही. टोळी उतरली की मुकादमाने कोयत्यांबरोबर पाच वर्षांखालच्या मुलांचीही यादी कारखान्याला द्यावी, आणि ती त्याच दिवशी जवळच्या आरोग्य केंद्राला जावी. सिस्टरांनी सकाळी अकराला नव्हे, बाया फडातून परतल्यावर यावं. आणि टोळी गावातून निघताना आशाताईने पेटीतलं कार्ड काढायला लावून त्याचा फोटो स्वतःच्या आणि घरच्यांच्या, अशा दोन्ही फोनमध्ये घ्यावा. यासाठी नवीन योजना लागत नाही.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही थांबलो. आई आली, डोक्यावरची वाढ्यांची पेंढी खाली टाकली, पोराला उराशी धरलं. सिस्टरांनी ताप आला तर काय करायचं ते नीट समजावलं, गोळी दिली. तिने पोराचा दंड पुढे केला. कुपी एकासाठी उघडली आणि शेजारच्या कोप्यांतून आणखी तीन मुलं निघाली.

परतताना बऱ्याच वेळाने सिस्टर म्हणाल्या, “सर, पाच वर्षांनंतरचा एक बूस्टर असतो. त्या कडेवर घेऊन उभ्या असलेल्या पोरीचं आपण विचारलंच नाही.”