मधमाश्यांची बेगमी
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आमचे सारे आयुष्य खडू आणि फळा यांच्या सहवासात गेले. निवृत्तीनंतर काही नवे शिकावे या हेतूने आम्ही मधमाश्या पाळावयास घेतल्या. त्या उद्योगात आम्ही अद्याप बिगरीचे विद्यार्थी आहोत. तथापि नापास झालेल्या विद्यार्थ्याजवळही सांगण्यासारखे काही असते, म्हणून कार्यवाहांचा आग्रह आम्ही मोडला नाही.

मुलुंडला राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराच्या पायथ्याशी आमचे बैठे घर आहे. मागील अंगणात २०२१ च्या डिसेंबरात आम्ही सातेरी जातीच्या माश्यांची एक पेटी आणून ठेवली. जवळ एक इंग्रजी पुस्तक होते. त्यात हिवाळ्यापूर्वी पेटीची तयारी कशी करावी यावर एक मोठे प्रकरण होते. थंड देशांत हिवाळ्यात फूल म्हणून दिसत नाही. तेव्हा माश्या राणीभोवती दाट घोळका करतात, पंख न हलविता उडण्याचे स्नायू थरथरवून ऊब निर्माण करतात आणि साठविलेल्या मधावर दिवस काढतात. म्हणून तेथील पाळणारे एकेका पेटीत वीस-पंचवीस किलो मध राखून ठेवतात. हे वाचून आम्ही पुस्तक मिटले. मुलुंडच्या थंडीला भिण्याचे कारण काय? आमच्याकडे तर त्याच दिवसांत शेवगा फुलत होता, पुढे जांभूळ व करंज बहरावयाचे होते.

२०२२ च्या मे महिन्यात पेटी जड झाली. आम्ही मधकोठीतील सर्व मध काढला. एवढ्यावर न थांबता खालच्या पिलावा कोठीतील चौकटींच्या वरच्या कडेचा मधही कापून घेतला. चार किलो मध निघाला. आप्तेष्टांच्या घरी बाटल्या पोचत्या झाल्या आणि आमची वाहवा झाली. आमच्या सौभाग्यवती मात्र एवढेच म्हणाल्या, "अहो, सगळाच काढलात? मग पावसाळ्यात त्यांनी काय खायचं?" आम्ही हसून म्हटले, "त्यांचे त्या पाहतील."

त्यांनी त्यांचे पाहिले. नागपंचमीनंतर चार-पाच दिवसांनी पाऊस उघडला तेव्हा आम्ही झाकण काढले. आत एकही माशी नव्हती. रिकाम्या पोळ्यांत मेण खाणाऱ्या अळ्यांनी जाळी विणली होती. उपासमार झाली की सातेरी माशी घर सोडून जाते, हे ज्ञान आम्हांस त्या दिवशी झाले. भर पावसात ती बिचारी कोठे गेली असेल, या विचाराने कित्येक रात्री आमची झोप मोडली.

पुस्तक खोटे नव्हते, आमचे वाचन उथळ होते. माशीचा हिवाळा थंडीने ठरत नाही, उपासाने ठरतो. मुंबईच्या उपनगरांत जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. फुले थोडी, त्यांतील मकरंद पावसाने धुतलेला आणि माशीला उडण्यास उघडीप नाही. आषाढ-श्रावण हाच आमच्या माशीचा हिवाळा होय.

मग मात्र आम्ही रीतसर शिकावयाचे ठरविले. पुण्यास १९६२ साली स्थापन झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. तेथे आम्ही विद्यार्थी म्हणून बाकावर बसलो. त्याच डिसेंबरात दुसरी पेटी आणली आणि २०२३ च्या मे अखेरीस तिची तयारी केली, ती येणेप्रमाणे.

मधकोठीतील दीड किलोच मध घेतला. पिलावा कोठीस हात लावला नाही. रिकामी मधकोठी उतरविली, कारण जागा आटोपशीर असली म्हणजे माश्यांना ती उबदार राखता येते. जुनी काळी पोळी काढून टाकली; माश्यांनी झाकली जातील एवढीच ठेवली, म्हणजे अळीला थारा राहात नाही. तळफळी साफ केली, फटी बुजविल्या आणि दार अरुंद केले. पाणी आत न साचता बाहेर वाहावे म्हणून पेटी दाराच्या बाजूस किंचित उतरती ठेवली. नैर्ऋत्येचा वारा चुकविण्यासाठी तोंड पूर्वेकडे केले, वर पत्रा घातला आणि मुंग्या चढू नयेत म्हणून घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले.

त्या साली जुलैत मुंबईत विक्रमी पाऊस झाला. वरून श्रावण अधिक. आम्ही सम प्रमाणात साखर व पाणी घेऊन पाक करीत असू आणि निवल्यावर तिन्हीसांजेस पेटीच्या आत ठेवीत असू. बाहेर थेंब सांडू देत नसू, कारण त्या वासाने दुसऱ्या वसाहतीच्या माश्या लुटावयास येतात. भर पावसात झाकण उघडत नसू. मागून पेटी किंचित उचलून वजनाचा अंदाज घ्यावयाचा, एवढेच. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. साखरेच्या पाकावर भरलेले पोळे पिळून ते मध म्हणून लोकांस देणे ही लबाडी होय. तो पाक माश्यांचा, त्यांनीच तो खावा.

गणेशोत्सव आटोपल्यावर एका सकाळी पेटी उघडली. पाच चौकटींवर माश्या होत्या आणि मधोमध नवी अंडी दिसत होती. सौभाग्यवतींना हाक मारली. त्या आल्या, पाहिले, आणि काही न बोलता देवापुढे साखर ठेवावयास आत गेल्या.

सभाजनहो, आज दुपारच्या सभेत आपल्या विद्यार्थी साहाय्य निधीची शिल्लक समारंभाकडे वळवावी असा ठराव यावयाचा आहे. समारंभाला आमचा विरोध नाही; आम्हीही जेवावयास येऊ. परंतु मे महिन्यात पेटी जड लागते तेव्हाच हात आवरावयाचा असतो. जूनमध्ये शाळा-महाविद्यालये उघडतात, त्या वेळी ज्या घरी शुल्काची सोय नसते त्या घराचा श्रावण असतो. त्यांच्या वाट्याचा मध चौकटीत राहू द्यावा, इतकीच आमची विनंती.