जुनी कमान आणि अरुंद जिना
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या वास्तूचे पुढे काय करावे, हा प्रश्न या सुवर्णमहोत्सवी वर्षात आपणांपुढे उभा आहे. ती पाडून नवी उभारावी असे तरुण मंडळींचे म्हणणे, तर आहे तशीच जपावी असा वडीलधाऱ्यांचा आग्रह. या वादात थेट उडी घेण्याऐवजी आम्ही आज मुंबईच्या दोन लोकल स्थानकांची हकीकत सांगणार आहोत. निर्णय आपण करावा.

पहिले स्थानक भायखळ्याचे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याकडे पहिली प्रवासी गाडी निघाली. तीन इंजिने, १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे आणि ३४ किलोमीटरांची वाट. ही गाडी चालविणाऱ्या कंपनीच्या संचालकांत आपले जगन्नाथ शंकरशेट होते, याचा अभिमान आपण मुलांना आवर्जून सांगावा. भायखळ्याचे स्थानक याच मार्गावरचे आणि त्याच काळातले. आरंभी ते साधे लाकडी होते. आज दिसणारी कमानींची दगडी इमारत १८९१ मध्ये पूर्णत्वास गेली. भोवताली गिरण्या वाढल्या, चाळी वाढल्या. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांचा हा मुलूख झाला. आपल्यांपैकी कित्येकांनी राणीच्या बागेची पहिली सहल याच फलाटावर उतरून केली असेल. मामाचे बोट घट्ट धरून आम्हीही ती केली होती.

परंतु नित्य उपयोगाच्या वास्तूकडे आपण कधी डोळे भरून पाहत नाही. दगडावर रंगाचे थर चढले, कमानींआड फलक आणि तारा आल्या, आणि मूळ रूप झाकून गेले. या इमारतीच्या जीर्णोद्धाराचे काम २०१९ साली सुरू झाले आणि २०२२ मध्ये पूर्ण झाले. 'आय लव्ह मुंबई' या संस्थेचा पुढाकार, वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांचे मार्गदर्शन आणि बजाज उद्योगसमूहाच्या न्यासांचे अर्थसाहाय्य यांतून ते घडले. त्याच वर्षी युनेस्कोच्या आशिया-प्रशांत विभागाचा वारसा-संवर्धन पुरस्कार या स्थानकास जाहीर झाला. आम्हांस विशेष वाटते ते हे, की गाड्या धावत होत्या, माणसे चढत-उतरत होती, आणि त्यांतच दगड उजळत होता.

दुसरी हकीकत सांगताना मन जड होते. परळनजीकचे एलफिन्स्टन रोड स्थानक आपण जाणताच. ते वसले तेव्हा भोवतालचा कामगार बहुधा चाळीतून पायी गिरणीत जाई. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. त्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे आले, आणि रोज दुरून गाडीने येणाऱ्या माणसांचा लोंढा त्या जुन्या जिन्यावर येऊन आदळू लागला. वस्तीचे रूप पालटले, जिन्याची रुंदी मात्र तीच राहिली. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी पावसाची सर आली. माणसे पुलावर आडोशाला थांबली, मागून गाड्यांची गर्दी येतच राहिली. त्या चेंगराचेंगरीत २३ जीव गेले. दसऱ्याचा आदला दिवस होता तो. दूर बसून बातमी ऐकताना आपणांतील अनेकांनी मुंबईच्या नातलगांची खुशाली विचारण्यासाठी फोन फिरविले असतील.

पुढे भारतीय सैन्याने तेथे नवा पादचारी पूल उभारला. दुर्घटनेनंतर पाच महिन्यांनी, २७ फेब्रुवारी २०१८ रोजी, तो लोकांसाठी खुला झाला. जुलै २०१८ मध्ये स्थानकाचे नाव प्रभादेवी झाले. पूल आला, नाव आले. गेलेली माणसे आली नाहीत.

या दोन हकीकती आम्ही शेजारी शेजारी का ठेवल्या? भायखळा सांगते, की जुने ते सारे टाकाऊ नसते. वरचे थर काढले तर आत घडीव दगड सापडतो. प्रभादेवी सांगते, की केवळ जुने आहे म्हणून जिना अरुंद ठेवू नये. येणारी माणसे मोजावीत आणि वाट रुंद करावी. वास्तू प्रेमाने जपावी लागते, पण माणसांसाठी वेळीच बदलावीही लागते.

आता आपल्या वास्तूकडे पाहा. आपल्या आई-वडिलांनी वर्गणी जमवून बांधलेला तळमजल्याचा दिवाणखाना आणि ग्रंथालय भक्कम आहे. त्यास हात लावू नये. पण वरच्या सभागृहाकडे जाणारा आपला एकुलता एक जिना? गणेशोत्सवात आरती संपल्यावर त्यावर काय गर्दी होते, हे आपण दरवर्षी पाहतो आणि दरवर्षी विसरतो. तेव्हा आमची सूचना एवढीच, की सुवर्णमहोत्सवी निधीतून प्रथम दुसरा, रुंद जिना बांधावा. संगमरवर, दिव्यांची झुंबरे आणि देणगीदारांची पाटी मागाहून.

पन्नास वर्षांपूर्वी जे परमुलखात उतरले, त्यांच्यासाठी हे मंडळ म्हणजे एक स्थानकच होते. तेथे आपली भाषा ऐकू येई आणि पुढची वाट विचारता येई. उद्या उतरणाऱ्यांसाठी त्याची कमान तशीच राहो, आणि जिना तेवढा रुंद होवो.