सिलिंडरवर बर्फ जमले तर
(बिडकीन, ता. पैठण येथे शेतकऱ्यांपुढे दिलेले भाषण)



पीकशास्त्र शिकविणाऱ्याने हरभऱ्यावर बोलावे, गॅसवर कशाला, असे आपणांस वाटेल. परंतु थंडीत गावोगावी सप्ते बसतात. महाप्रसादासाठी पहाटे चारला भट्टी पेटते आणि तासाभरात सिलिंडरच्या खालच्या अंगाला पांढरे बर्फ धरते, ज्योत मंदावते. मग कोणी घमेल्यात उकळते पाणी ओतून त्यात सिलिंडर उभे करतो, तर कोणी गोणपाट पेटवून शेक देतो. हा शेक जिवावर बेतू शकतो.

बर्फ का जमते? माठातले पाणी गार होते त्याच कारणाने. सिलिंडरमध्ये प्रोपेन व ब्युटेन दाबाखाली द्रवरूपात असतात. द्रवाची वाफ होताना उष्णता लागते आणि ती पत्र्यातून, बाहेरच्या हवेतून ओढली जाते. मोठी भट्टी वाफ इतकी भराभर ओढते की हवेतून तेवढी उष्णता मिळत नाही. प्रोपेन उणे ४२ अंशालाही उकळते, पण ब्युटेन शून्याच्या आसपास उकळायचे थांबते. म्हणून आत गॅस असूनही ज्योत बसते आणि आपण सिलिंडर रिकामे समजून परत करतो. तेवढे पैसे वाया जातात. सिलिंडर अर्धे झाले की द्रवाला लागून असलेला पत्रा कमी उरतो, त्यामुळे बर्फ आणखी लवकर धरते.

उपाय साधा आहे. भट्टी बारीक करा किंवा बंद करून सिलिंडरला विश्रांती द्या. बर्फ आपोआप वितळते. मोठ्या स्वयंपाकाला १९ किलोची व्यापारी सिलिंडरे दोन-तीन जोडून घ्या, म्हणजे प्रत्येकावरचा भार कमी होतो. ही जोडणी मात्र एजन्सीच्या माणसाकडूनच करवावी. घरची १४.२ किलोची सिलिंडरे तेथे नेऊ नयेत, तो गुन्हाही आहे. सिलिंडर मोकळ्या हवेत, भट्टीपासून दूर, उभेच ठेवावे. शेवटचा गॅस मिळावा म्हणून आडवे केले तर वाफेऐवजी द्रवच नळीत येतो, आणि एका लिटर द्रवाचा सुमारे अडीचशे लिटर गॅस होतो. ज्योत एकदम भडकते. अनुभवी आचारीसुद्धा हे करतात, याचे नवल वाटते.

शेक दिल्यावर आतला दाब झपाट्याने वाढतो. जाळ लागला तर पत्राही कमजोर होतो आणि सिलिंडर फुटते.

एक भेद लक्षात ठेवा. बर्फ सिलिंडरच्या खालच्या भागावर असेल तर ओढ जास्त आहे, एवढेच. परंतु रेग्युलेटर, व्हॉल्व्ह किंवा नळीच्या सांध्यावर बर्फ दिसले तर गळती किंवा द्रव येत असल्याची शंका घ्यावी. जाळ विझवा, रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, विजेच्या बटणाला हात लावू नका. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यात, तळघरात साचतो. तिकडे कोणी विडी ओढत नाही ना, ते पाहा. नंतर बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर फोन करा. तो दिवसरात्र चालू असतो.