सुरू होऊन बंद पडणारा ट्रॅक्टर



पंजाब-हरयाणात भाताची कापणी उरकली की गव्हाच्या पेरणीसाठी फार थोडे दिवस हाती उरतात. नोव्हेंबर उलटल्यावर पेरलेल्या गव्हाचा दाणा मार्चच्या उष्म्यात सापडून बारीक राहतो. नेमक्या याच दिवसांत एखादा जुना ट्रॅक्टर पहाटे सुरू होतो, दोन मिनिटे चालतो आणि धापा टाकीत बंद पडतो. मालक पुन्हा पुन्हा स्टार्टर दाबतो, बॅटरी उतरते. अखेर इंजेक्शन पंप बिघडला असे ठरवून तो शहरात दुरुस्तीला धाडला जातो. दिवस जातात, पैसा जातो, आणि दोष पुष्कळदा टाकीच्या झाकणात असतो.

फरीदाबादेत १९५९ साली आयशर ट्रॅक्टर तयार झाला. दुर्गापूरच्या संशोधन संस्थेत आखलेला ‘स्वराज’ १९७४ पासून मोहालीत तयार होऊ लागला. त्या पिढीच्या यंत्रांतील दोष डोळ्यांनी व कानांनी शोधता येतात. मात्र शोधाला क्रम हवा.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रूडॉल्फ डीझेल यांचे इंजिन १८९७ साली आउग्सबुर्ग येथे यशस्वी ठरले, तेव्हापासून तत्त्व एकच आहे : जोराने दाबलेली हवा तापते आणि त्या हवेत सोडलेले इंधन पेटते. जे इंजिन सहज सुरू होते, त्याने दाब पुरेसा आहे व फवारा उडतो, हे दाखवूनच दिलेले असते. गाळणीत व पंपात साठलेले डिझेल संपताच ते थांबत असेल, तर मागचा पुरवठा तुटतो आहे असे समजावे. म्हणून शोधाचा आरंभ टाकीपासून करावा.

टाकीच्या झाकणाला बारीक छिद्र असते. ते धुळीने बुजले की आत हवा शिरत नाही आणि डिझेल खाली उतरत नाही. इंजिन मंदावताच झाकण सैल करून पाहावे. ते पुन्हा सावरले, तर दोष सापडला. नंतर टाकीची तोटी तपासावी व फीड पंपाकडे येणारी नळी सोडून पाहावी. धार बारीक असेल, तर नळीत किंवा तळाशी गाळ आहे. गाळणीच्या वाटीत पाणी दिसल्यास ते काढून टाकावे आणि जुनी गाळणी बदलावी.

यानंतर हवा काढण्याचे काम येते. चालू इंजिन डिझेल ओढीत असताना सैल सांध्यातून हवा आत शिरते. बाहेर गळती दिसेलच असे नाही. गाळणीवरील स्क्रू थोडा सैल करून फीड पंपाची हातदांडी चालवावी. बुडबुडे थांबून स्वच्छ धार आली की स्क्रू आवळावा आणि तीच कृती इंजेक्शन पंपावर करावी. दांडीला जोर लागत नसेल, तर इंजिन एक फेरा फिरवावे, कारण आतील कॅम वर राहिलेला असतो. हवा पुन्हा पुन्हा येत असेल, तर तांब्याचे वॉशर बदलावेत. इंजेक्टरच्या फवाऱ्यापुढे हात कधीही धरू नये. तो कातडी भेदून आत शिरतो.

धुराकडेही लक्ष द्यावे. बंद पडण्यापूर्वी काळा धूर निघाला, तर इंजिनाला हवा कमी पडते. एअर क्लीनरमधील तेल व जाळी पाहावी. धूर न येता इंजिन अडखळले, तर डिझेल कमी पडते. इंजिन बंद करण्याची तार अर्धवट ओढलेली राहिली, तरी हेच घडते.

एवढे सारे पाहूनही दोष उरला, तरच पंप कुशल कारागिराच्या हाती द्यावा. एका वेळी एकच गोष्ट बदलून इंजिन चालवून पाहावे, म्हणजे दोष कशात होता हे निश्चित कळते. संध्याकाळी काम संपल्यावर टाकी भरून ठेवावी. रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने पाणी धरते. पेरणीआधी केलेली ही तासाभराची तपासणी पेरणीचे दिवस वाचविते.