नदीकाठची जमीन घेताना

(महोत्सवी सभेत केलेले भाषण)



आपल्या ट्रस्टच्या कुटुंबांतील कितीतरी मुले आज हैदराबाद, पुणे व आखाती देशांत नोकरीस आहेत. चार पैसे गाठीस पडले की त्यांस गावाकडची ओढ लागते. भालकीकडे कारंजा धरणाचे पसरलेले पाणी, औरादकडील मांजरेचा काठ, गाणगापूरचा भीमा-अमरजा संगम पाहून येथे दोन एकर घ्यावे, लहानसे घर बांधावे, असे कोणास वाटणार नाही? आम्हांसही वाटले होते.

मांजरेकाठचे एक शेत आम्ही डिसेंबरात पाहिले. ज्वारी डोलत होती, नदी खाली शांत होती. त्याच दिवशी बयाणा दिला. भाद्रपदात पुन्हा गेलो, तेव्हा घराच्या जागी गुडघाभर पाणी होते. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "मास्तर, जुनं गाव टेकाडावर का वसलंय, ते आधी इचारायचं व्हतं."

पुढे विकणाऱ्याची बहीण आमच्या दारी आली. तिने एवढेच विचारले, "सर, यात माझा वाटा कुठं हाय?" आम्ही मान खाली घातली. शरीअतने मुलीस वाटा दिला आहे, हे आम्ही मुलांना सांगत आलो. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू घरातील मुलीसही वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क आहे, हेही ठाऊक होते. तरी पैसे मोजताना तो प्रश्न आम्हांस सुचला नाही. व्यवहार मोडला. बयाणा निम्माच परत आला.

म्हणून काही गोष्टी सांगतो. जमीन भर पावसाळ्यात पाहावी. भीमेकाठी तर येथे पाऊस नसतानाही वरच्या उजनी धरणातून सोडलेल्या पाण्याने नदी चढते. ऑक्टोबर २०२० च्या पुराने कलबुर्गी जिल्ह्यातील अनेक गावांत पाणी शिरले होते. काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तेथे पाया जपून घालावा लागतो.

१९६१ च्या कर्नाटक जमीन सुधारणा कायद्यातील बिगरशेतकऱ्यांवरची बंधने २०२० च्या दुरुस्तीने बहुतेक उठली. तरी घरासाठी बिनशेती परवानगी लागते का, ते आधी पाहावे. अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबास सरकारने दिलेली जमीन १९७८ च्या कायद्यान्वये सरकारी परवानगीवाचून घेता येत नाही. पहाणीपत्रक, फेरफार आणि उपनिबंधकाकडील बोजाचा दाखला, तिन्ही पाहावीत. सीमेपलीकडे उदगीर-निलंग्यात महाराष्ट्राचा कायदा निराळा आहे. १९५६ पूर्वी ते तालुके आपल्याच बिदर जिल्ह्यात होते, एवढ्यावर विसंबू नये.

हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता; त्यामुळे अनेक घरांतील जुनी कागदपत्रे उर्दूत आहेत. नव्या पिढीस ती वाचता येत नाहीत, आणि न वाचलेल्या कागदावर सही होते. दर रविवारी सकाळी एक तास आम्ही ट्रस्टच्या कार्यालयात बसू. ज्यांस असे कागद वाचून घ्यावयाचे असतील त्यांनी, कोणत्याही जातीधर्माचे असोत, निःसंकोच यावे. मोबदला काही नाही. मात्र येताना घरातील बहिणींनाही बरोबर आणावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.