गावातील बहुमजली घरे : वाद आणि विवेक

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा संक्षिप्त पाठ)



शहरालगतच्या अनेक गावांतील ग्रामसभांत एक विषय वारंवार वादाचा ठरतो. कौलारू घरे, परसबागा आणि शेते यांच्या शेजारी चार-पाच मजली इमारतींना संमती द्यावी काय? एक पक्ष म्हणतो, गावाचे गावपण लयास जाईल. दुसरा पक्ष विचारतो, मग वाढत्या कुटुंबांनी राहावे कोठे? दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. म्हणूनच निर्णयापूर्वी जमाखर्च मांडून पाहणे इष्ट.

प्रथम जमेची बाजू. शंभर कुटुंबांना प्रत्येकी दीड गुंठ्याचा भूखंड द्यावयाचा तर 150 गुंठे, म्हणजे पावणेचार एकर जमीन लागते, रस्ते निराळेच. तीच कुटुंबे प्रत्येकी 600 चौरस फुटांच्या सदनिकांत राहिली, तर तळमजला व वर तीन मजले अशी वसाहत मोकळ्या जागेसह दीड एकरात सामावते. सव्वादोन एकर शेती वाचते. विभक्त झालेल्या भावांना आणि तुटपुंज्या वेतनावरील तरुणांना स्वतंत्र भूखंड परवडत नाही, हेही विसरून चालणार नाही. दाट वस्ती ही शेतीची वैरीच असते, असे सरसकट म्हणणे न्याय्य नव्हे.

आता खर्चाची बाजू. एखाद्या प्रकल्पात 200 सदनिका आहेत आणि प्रत्येकीत चार माणसे राहणार आहेत, असे धरू. नागरी मानकाप्रमाणे माणशी 135 लिटर पाणी धरल्यास रोज 1,08,000 लिटर पाणी हवे. म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ अकरा टँकर. जलजीवन मिशनने ग्रामीण माणसासाठी किमान 55 लिटरचे प्रमाण ठरविले. त्या हिशोबाने हेच पाणी सुमारे 1,960 ग्रामस्थांना पुरेल. शिवाय वापरलेल्या पाण्यापैकी साधारण 80 टक्के सांडपाणी होते. ज्या गावी भुयारी गटारच नाही, तेथे रोजचे 86,000 लिटर सांडपाणी अखेर ओढ्यात आणि शेजारच्या विहिरीतच उतरते. कूपनलिका खोल गेली की कोरडी पडते ती जुन्या रहिवाशाची विहीर. नफा एकाचा आणि तोटा साऱ्या गावाचा, असा हा व्यवहार होऊन बसतो.

गोव्याचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथील ‘प्रादेशिक आराखडा 2011’ हा 2006 मध्ये अधिसूचित झाला. शेती, डोंगरउतार आणि हिरवी क्षेत्रे बांधकामासाठी खुली केल्याचे ध्यानात येताच लोकक्षोभ उसळला. गोवा बचाव अभियानाच्या आंदोलनानंतर जानेवारी 2007 मध्ये शासनाला तो आराखडा मागे घ्यावा लागला. पुढील आराखड्यासाठी वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्यासारख्या तज्ज्ञांचे साहाय्य घेण्यात आले आणि मसुद्याचे नकाशे गावोगावी नेऊन सूचना मागविण्यात आल्या. तरीही वाद शमला नाही. 2023 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून आराखड्यातील ‘चुका’ सुधारण्याच्या नावाखाली एकेका भूखंडाचे क्षेत्र बदलण्याची वाट काढण्यात आली. त्यासाठी केलेले नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च 2025 मध्ये रद्द ठरविले. गावाने एकत्र बसून पाहिलेला नकाशा तुकड्यातुकड्याने बदलत गेला, तर लोकांचा विश्वास कसा टिकावा?

याउलट उदाहरण पुण्याजवळील हडपसरचे. तेथील शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांनी सतीश मगर यांच्या पुढाकाराने सुमारे 400 एकर जमीन एकत्र केली, कंपनी स्थापिली आणि जमिनीच्या हिश्श्याप्रमाणे ती तिचे भागधारक झाली. त्यातून मगरपट्टा सिटी उभी राहिली. तेथे शेती उरली नाही, हे खरे. परंतु जमिनीचे मोल परक्याच्या हाती न जाता मूळ मालकांकडे राहिले आणि रस्ते, पाणी, सांडपाणी यांचे नियोजन समग्रपणे झाले. दाट वस्ती तेथेही आहेच. तरी निर्णय कोणी घेतला आणि संपूर्ण हिशोब कोणापुढे मांडला गेला, यावर परिणाम अवलंबून राहिला.

यास्तव प्रस्ताव येताच ग्रामसभेने होकार वा नकार देण्याची घाई करू नये. चार प्रश्नांची लेखी उत्तरे मागावीत : उन्हाळ्यातील पाणी कोठून येणार? सांडपाण्यावर प्रक्रिया कोठे होणार आणि दहा वर्षांनंतर ती यंत्रणा कोण चालविणार? रस्त्याची रुंदी अग्निशमन वाहनास पुरेशी आहे काय? गावातील किती कुटुंबांना ही घरे परवडणार? उत्तरे समाधानकारक असतील, तर मजल्यांचे भय बाळगण्याचे कारण नाही. ती नसतील, तर दोन मजलेही गावाला जड होतील.

व्यापारात माल ताब्यात घेण्यापूर्वी वजन करतात, नंतर नव्हे. जमीन तर एकदा दिली की परत घेता येत नाही. तिच्या बाबतीत तराजू आधीच हाती धरावयास हवा, आणि तो साऱ्या गावासमोर धरावयास हवा.